पावट्याची पाटी आणि वेळेवर आलेली लोकल

लोणावळा लोकलच्या नावानं बोटं मोडायची तर भाजे गावच्या मावशींसमोर मोडू नका. मावशी मळवलीला पावट्याच्या शेंगांची पाटी घेऊन चढतात. पुढे एक्सप्रेस सोडायला आमची लोकल रोज कान्ह्याला रखडते. तेवढ्या वेळात मावशी शेंगा सोलतात, आम्हालाही सोलायला लावतात. वडगावच्या बाजारात सोललेला पावटाच खपतो ना!

काल मात्र गाडी कान्ह्याहून लगेच सुटली. वडगाव आलं, पाटी अर्धीच झालेली.

मी उठलो. "मावशी, उतरा!"

"गाडीला घाई आसंल, मला न्हाई. तळेगावापत्तुर सोलू, मागारी येऊ. बस खाली!"

माझं ऑफिस वडगावला. तरी बसलो.

साहेबांनी विचारलं, "आज उशीर का?"

म्हटलं, "साहेब, गाडी वेळेवर होती."