मामाजींनी चाखलेली अळंबी

अळंबीला घाबरता काय, आमच्या घरचं ऐका. वरवट बकाल गावात मी नवी सून होते. अकोल्याहून बी आणून आमच्या यांनी ओल्या कुटारात, म्हणजे भुशात, पहिल्यांदाच अळंबी लावली. ती फुलली, मी भाजीही रांधली. पण विषारी निघाली तर, म्हणून कोणी हात लावेना. तेवढ्यात सासऱ्यांनी ताट ओढलं.

"माह्यं वय झालं. मले काही झालं नाही, तर मंग तुम्ही खा."

"मामाजी, नका हो!" मी रडकुंडीला आले.

त्यांनी वाटी संपवली. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे पाहत बसलो. तासाभरानं यांनी विचारलं, "बाबा, कसं वाटून राह्यलं?"

"अजून समजून नाही राह्यलं," म्हणत त्यांनी पुन्हा वाटी पुढे केली.

असं करत भाजीनं भरलेला अख्खा गंज रिकामा झाला. मग ढेकर देऊन म्हणाले, "पोरी, आता बिनघोर जेवा."