काडी कोणी टोचली

अनुश्री : थांबा, थांबा जळबाभाऊ. या विम्याच्या फॉर्मात 'हळद शिजवणारा' असा धंदाच नाही. वायरमन आहे, प्लंबर आहे, ब्युटी पार्लर आहे.

जळबा : मंग पार्लरच्या खाली लिवा ना. त्ये हळद लावतेत, मी शिजवतो.

अनुश्री : 'इतर' लिहिते. आता नीट सांगा, करता काय नेमकं?

जळबा : औंढ्यात ऱ्हाऊन हे इचारता? ट्रॅक्टरमागं माजा कुकर, मंजी बॉयलर आन डरम. हट्ट्यापासून शिरड शहापूरपस्तोर ज्याची हळद निघाली, त्याच्या वावरात जाऊन उभा ऱ्हातो. वाफेवर शिजवतो, खळ्यावर पसरून देतो, की चाललो फुडच्या वावरात. अठरा वर्सं झाली, कोनाचा नोकर न्हाई.

अनुश्री : मग हा विमा तुमच्यासाठीच आहे. कामात तुमच्या चुकीनं गिऱ्हाइकाचं नुकसान झालं, तर भरपाई कंपनी देते.

जळबा : चूक माजी आन पैसा कंपनीचा? लई भले लोक हायेत.

अनुश्री : भले कसले, प्रश्न किती विचारतात ते बघा. पहिला : काम पूर्ण झालं हे कोण ठरवतं?

जळबा : मालकीण.

अनुश्री : कोणाची?

जळबा : हळदीची! रीतच हाय आमच्यात. डरम शिजत आला की मी झाकण काढतो, घरची बाई हळकुंडात काडी टोचती. आरपार गेली की म्हनती 'झालं'. तिच्या तोंडून 'झालं' निघाल्याबिगर मी वाफ बंद करत न्हाई. मागून कोनी म्हनलं, जळबा, हळद बिघडली, तर मी म्हनतो, काडी कोनी टोचली? इषय खलास.

अनुश्री : अहो, कंपनीच्या वकिलाला असं कलम सुचलं नसतं! मग तुमची जबाबदारी राहिलीच कुठं? विमा हवाय कशाला?

जळबा : असावा म्हनलं.

अनुश्री : अठरा वर्षं नव्हता. आणि आज ऐन हंगामात, कुकर उभा करून, दाढी-बिढी करून आलात?

जळबा : नागनाथाच्या दर्शनाला आल्तो. तुमची पाटी दिसली.

अनुश्री : पाटी सहा वर्षांपासून तिथंच आहे. बरं, दुसरा प्रश्न. ज्यातून कोणी भरपाई मागेल, अशी एखादी घटना आधीच घडली आहे का?

जळबा : न्हाई लिवा.

अनुश्री : लिहू?

जळबा : लिवा ना. पेन काहून थांबला?

अनुश्री : तुम्ही माझ्याकडं बघायचं थांबवलंत म्हणून.

जळबा : ताई, समजा... समजा हां. व्हय लिवलं तर?

अनुश्री : तर त्या नुकसानाला विमा नाही. पुढच्यांना आहे.

जळबा : आन न्हाई लिवलं, मागून भायेर आलं तर?

अनुश्री : तर सगळीच पॉलिसी बाद. आणि फॉर्मावर सही माझीपण असते.

जळबा : मंजी झाल्यावर घेताच येत न्हाई?

अनुश्री : लग्न लागल्यावर पत्रिका जुळवता का तुम्ही? सांगा आता. कोणाची हळद?

जळबा : शिरडच्या शालूबाईची. मी काकू म्हनतो तिला. तीन डरम बराबर उतरले, तिनंच काडी टोचली. चौथा लावला आन दवाखान्यातून फोन आला, तिच्या लेकीला, शिवकन्येला, कळा सुरू झाल्या. काकू काडी हातात घेऊन तशीच उभी. मी म्हनलं, जा तुमी, मी हाय ना.

अनुश्री : मग?

जळबा : मंग हट्ट्याच्या किसनरावाचा फोन, कव्हा येतो, कव्हा येतो. बोलत बसलो. 'झालं' म्हनायला कोनी नव्हतं ताई, आन मला सोताहून थांबायची सवयच न्हाई. अर्धा घंटा जास्त. झाकण काढलं तं हळद काळी. खळ्याच्या पार टोकाला, बाभळीआड पसरली आन निघालो. धा दिस झाले. शिरडचा रस्ताच सोडला, जवळा बाजारावरून वळसा घालून जातो.

अनुश्री : सांगितलंच नाहीत त्यांना?

जळबा : कोन्या तोंडानं? नवा व्हतो, कोनी हळद देत नव्हतं, तव्हा पयला डरम तिनं देला मला. तिचा इस्वास गेला तर मी कुकर इकून घरी बसलेला बरा.

(खिशातला फोन वाजतो. जळबा नाव बघतो आणि फोन टेबलावर पालथा ठेवतो. शेवटी अनुश्रीच फोन घेते, स्पीकर लावते आणि त्याच्यापुढं ठेवते.)

शालूबाई : जळबा? मेल्या, जिता हायस का? शिवकन्येला पोरगी झाली, कळलं का न्हाई?

जळबा : कळलं काकू.

शालूबाई : परवा बारसं हाय. बायकोला घेऊन ये.

जळबा : येतो. काकू, येक बोलायचं व्हतं. चौथा डरम...

शालूबाई : बाभळीआडचा?

जळबा : पाह्यला तुमी?

शालूबाई : दुसऱ्याच दिशी. माजं खळं हाय बाबा ते, रोज फिरते मी त्याच्यावर.

जळबा : मंग बोलल्या काहून न्हाईत?

शालूबाई : तू कव्हा बोलतो ते पाहून राहिले व्हते.

जळबा : चुकलं काकू. फोनवर बोलत बसलो, वाफ बंद केली न्हाई. सगळं माज्यानं झालं. भरून देतो.

शालूबाई : हळदीचं काय घेऊन बसला. घरच्या चटणीला घालू थोडी. फुडच्या साली येक डरम मजुरी न घेता शिजव, फिटलं. पर तू रस्ता बदलून जाऊन राहिला ना, ते लई लागलं मला. बारशाला सरळ रस्त्यानं ये. ठिवते, लेकरू रडून राहिलं.

अनुश्री : डोळे पुसा भाऊ. फॉर्म ओला होतोय.

जळबा : बॉयलरचा धूर बसलाय डोळ्यात.

अनुश्री : असेल, असेल. मग दुसऱ्या प्रश्नापुढं काय लिहू?

जळबा : व्हय लिवा. मोठ्या अक्षरात लिवा.

अनुश्री : लिहिलं. त्याखाली एक रकाना आहे. नुकसान किती झालं?

जळबा : येक डरम हळद. आन धा दिस.