ग्रेगरीचे पत्र्याचे साचे

सन्माननीय अध्यक्ष इरावतीताई, व्यासपीठावरचे पाहुणे, कॅथरीनवहिनी आणि माझ्या वर्कशॉपातल्या ग्रेगरीला निरोप द्यायला आखातातल्या या उन्हात जुफैर-बुसैतीनहून वेळात वेळ काढून आलेल्या मंडळींनो,

टेबलावरच्या या छोट्या इंजिनाची खरी किंमत आधी सांगतो. अकरा वर्षांतले सुट्टीचे सगळे शुक्रवार, ग्रेगरीच्या डाव्या अंगठ्याचं नख आणि वहिनींचं जेवणाचं टेबल. पितळ-पोलाद वेगळं.

हे १८४० सालच्या इंग्लंडमधल्या फायरफ्लाय जातीचं इंजिन. मूळचं चाक सात फुटी, ड्रायव्हर उघड्यावर! अशी बासष्ट इंजिनं सात कारखान्यांनी बांधली. मग एकाचा भाग दुसऱ्याला बसावा कसा? रेल्वेनं नकाशांबरोबर लोखंडी पत्र्याचे साचे पाठवले. साच्याशी जुळला तरच भाग पास.

ग्रेगरीला वेड लागलं ते या साच्यांचं. माझ्या वर्कशॉपात पहिली तीन वर्षं त्यानं नुसते साचेच कापले. मी विचारायचो, "अरे, इंजिन कधी?"

"इंशाल्ला, शेठ," म्हणायचा आणि कानस चालवायचा.

गेल्या वर्षी त्याच्या हाताला कंप सुटला. डॉक्टर म्हणाले, लेथला हात लावायचा नाही. कायमचं वसईला परतायचं ठरलं आणि इंजिन निम्मंच. ते तसंच टाकून जाणारा माणूस आहे का हा? त्यानं वर्कशॉपातल्या सोबत्यांना साचे वाटले. चाकं मुझम्मिलकडे, सिलिंडर संतोषकडे, पंप हुस्नाकडे. मी पडलो मालक. लेथचा नुसता आवाज ऐकून केसभराचा फरक सांगणारा! म्हटलं, "कनेक्टिंग रॉड मी करतो. साचा मफी, नकोच. माझे कान पुरेत."

"शेठ, साचा घ्या."

"तू मला शिकवणार?"

वहिनी म्हणाल्या, "अकरा वर्षं मी त्यांचं ऐकलं, तुम्ही एकदा ऐका की!"

गेल्या शुक्रवारी सकाळी जोडणीला बसलो. संध्याकाळी कॉम्प्रेसरची हवा जोडली. झडप ग्रेगरीनंच उघडली. चाक फिरलं.

ग्रेगरी, उद्या तू निघशील, इंजिन घेऊन जा. साचे इथं राहतील. दुसरं इंजिन आम्ही बांधणार, आणि ते पुरं करणार. सगळ्यांसमोर सांगतोय.

अध्यक्षांचे, आयोजकांचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनानं सोडून द्या. एक मात्र नोंदवून खाली बसतो. त्या शुक्रवारी सगळ्यांचे भाग जागच्या जागी बसले. माझा रॉड बसला नाही. तो दुपारी संतोषनं साचा लावून पुन्हा केला.