चांदणीचा पडदा

घोडीला मी पडद्यात ठेवली, ही माझी चूक. आधीच सांगून टाकतो, म्हंजे तुम्ही उगंच वाट बघत बसाय नको.

आमचं मूळ गाव मलकापूरच्या अलीकडं, पण मी वाढलो शाहूपुरीत. वडलांचा टांगा होता, त्यांच्या मागं माझा झाला. पुढं रिक्षा वाढल्या, सवारी आटली, मग टांग्याच्या घोडीला, चांदणीला, मी लांबच्या पल्ल्याच्या गाडी-शर्यतीला घातली. काय सांगू तुम्हाला, पळायला वारा होती की. पण खायला? पळून आली की दोन घास घ्यायची आणि तोंड फिरवायची.

आणि शेजारी बसूअण्णाचा घोडा, राजा. अण्णा भुसाराचा व्यापारी, सीमेकडचा, घरात कन्नड, आमच्याशी मराठी. एकाच पत्र्याखाली आमचे दोन तबेले, मधी कमरेएवढी भिंत. शर्यतीत राजा माझ्या चांदणीच्या मागनं यायचा, पण आला की घमेल्यात तोंड घालायचा ते तळ दिसंपर्यंत. भिजलेला हरभरा चावल्याचा तो आवाज, कचर कचर, माझ्या काळजात व्हायचा. शर्यत मी जिंकायचो आणि जळायचो पण मीच. बायको, आमची सुला, ताट वाढायची, ते ताट घेऊन मी तबेल्यात जाऊन बसायचो, आज त्यानं राजाला काय घातलंय ते बघाय.

मग डोक्यात आलं, पैलवानाला जमतं ते घोडीला का न्हाय? बदाम वाटले, दूध आटवलं, वरनं तूप. अण्णा भिंतीवरनं म्हणाला, दत्तोबा, घोडी हाय ती, तालमीतला गडी न्हवं, गवत घाला, कोंडा घाला. मी मनात म्हटलं, ह्याला आता माझा खुराक कळला, आणि ह्याची नजर पण लागती. त्याच दिवशी भिंतीवर छतापातुर गोणपाट लावलं. राजा दिसंना, अण्णा दिसंना. आणि चांदणीनं ते दोन घास पण सोडले. मी बदाम बंद केले, गवत घातलं, मिरच्या उतरवल्या, डॉक्टर आणला. तो म्हणाला, पोटात काय न्हाय हिच्या. मी म्हटलं, नजर जुनी हाय, आणि आणखी एक गोणपाट लावलं. व्हय, आणखी एक.

शर्यत मलकापूरच्या रस्त्याला होती. पंचांचा नियम कडक, मधल्या थांब्यावर घोड्यानं वैरणीला तोंड लावलं तरच पुढं सोडायचं, न्हायतर घोडं थकलं म्हणायचं आणि गाडी बाद. चांदणी पहिली पोचली. मी तिला लांब, माझी वैरण आणलेल्या टेम्पोच्या आड बांधली, पुन्हा नजर नको म्हणून. घास हातानं धरला, चुचकारलं, पाया पडलो म्हणा. ती मान वर करून रस्त्याकडंच बघत उभी. पंच घड्याळ बघाय लागला.

तेवढ्यात राजा आला. अण्णानं लांबनं बघितलं, राजाला पाणी पाजलं आणि सरळ माझ्या टेम्पोमागं आणून उभा केला. राजानं माझ्याच वैरणीत तोंड घातलं. मी हाकलणार, तर चांदणी खाली वाकली आणि त्याच्या गालाला गाल लावून खाय लागली, कचर कचर. अण्णा म्हणाला, एकट्यानं घोडं जेवत न्हाय ओ, एवढं पण कळंना? भिंतीवरनं तेच सांगणार होतो, तर तुम्ही पडदाच लावला.

पंचानं मला सोडलं, मी जिंकलो. फेटा माझ्या डोक्यावर, आणि सगळा गाव अण्णाच्या पाठीवर थाप मारतोय. खरं सांगतो पावणं, त्या थापेवर मी अजून जळतो.

आता राजा न्हाय, टांगा न्हाय. चांदणी म्हातारी झाली. तिच्याशेजारी अण्णानं आपली म्हैस आणून बांधलीया, तिच्याकडं बघत बघत दोन्ही वेळ खाती, देव दोघींना बरं ठेवू दे. परवा मी हीच गोष्ट दुसऱ्या पावण्यांना सांगत होतो, मुक्या जनावराला पण जेवताना सोबत लागती, हे मला शिकाय लागलं म्हणून. सुला आतनं भांडी घासत म्हणाली, घोडीचं कळलं व्हय, वीस वर्सं मी चुलीम्होरं एकटी जेवतो, ते मातुर तुमच्या टकुऱ्यात शिरलं न्हाय.