पगार मोठा की मनगट?

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो. माणसाच्या जबाबदारीचं मोल कशावरून ठरवायचं? पगारावरून? मग रात्रंदिवस आपला श्वास चालवणाऱ्या त्या विठुरायाला आजवर काय दिलंत? एक नारळ! आणि तोही फोडून अर्धा घरी नेलात!

हसा, हसा. पेटीवाले, तुम्हीही हसा, तुमचंही बिल लागलेलंच आहे देवाकडे.

तर गोष्ट कराडकडची. बाबुराव शेटे, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. माणूस लाखाचा, पण खोड एक. कुणी भेटलं की पहिला प्रश्न, "हातात किती पडतात?" यांना दोन मुली. थोरली मृणाल, तिचा नवरा हेमंत, सरकारी दवाखान्यात डॉक्टर. धाकटी केतकी, तिचा नवरा निनाद, विमान चालवतो.

आला अधिक महिना! आता अधिकात काय असतं? जावयाचं कौतुक! तेहतीस अनारसे, तुपाचा दिवा, वर नवं धोतर. यंदा दोन्ही जावई एकाच दिवशी दारात. रीत अशी, की आधी थोरल्याला वाण. पण बाबुराव म्हणाले, "यंदा वाण आधी धाकट्याला! त्यांचा एका महिन्याचा पगार म्हणजे डॉक्टरांचं अख्खं सहा महिन्यांचं राबणं!"

स्वयंपाकघरात मृणालच्या हातातलं लाटणं थांबलं हो! नवऱ्याचा असा अपमान, आणि तो माहेरात! डोळे भरून आले पोरीचे.

हेमंत तीस तास ड्यूटी करून थेट आलेला, डोळे लाल. म्हणाला, "साडूभाऊ, इतके तास झाले की कायदाच तुम्हाला सांगतो, जा, झोपा! मला कोण सांगतं?"

निनाद म्हणाला, "माझ्या पाठीमागे एकशे ऐंशी जीव बसतात. विमान पडलं तर सगळ्यांत पुढे मीच!"

"म्हणूनच तर जपता! तुमचा स्वतःचा जीव सोबत असतो. माझं चुकलं तर संध्याकाळी मी घरी जेवायला जातो, साडूभाऊ. आणि तो घास घशाखाली उतरत नाही!"

मंडळी, काय बोलला बघा! निनादनं मान डोलावली. पण बाबुराव? ते म्हणाले, "ते असू द्या, आकडा बोला!" आणि निघाले परसात, जेवणासाठी केळीची पानं कापायला.

केळीत होतं गांधीलमाश्यांचं पोळं! त्यांना काय बाबुरावांचा हुद्दा ठाऊक? चावल्या मानेला! पाच मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांध्या, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. बाबुराव अंगणात कोसळले!

निनाद तांब्या घेऊन धावला, "ऊन लागलं असेल, पाणी पाजा!" हेमंत ओरडला, "पाणी नको! गळा सुजतोय आतून!" एका नजरेत ओळखलं हो त्यानं! एकशे ऐंशी माणसं उडवणाऱ्याला जे दिसलं नाही, ते याला दिसलं. गाडीतली बॅग आणली, काचेची कुपी काढली, सुई भरायला घेतली...

आणि निनादनं त्याचं मनगट धरलं!

"साडूभाऊ, कुपीवरचं नाव मोठ्यानं वाचा."

"सोडा हात! पंधरा वर्षं हेच करतोय मी!"

"मीही पंधरा वर्षं उडवतोय. तरी रोज उडण्याआधी एक जण वाचतो, दुसरा 'बरोबर' म्हणतो. वाचा!"

हेमंतनं वाचायला तोंड उघडलं, आणि तोंड उघडंच राहिलं. तीस तासांच्या जागरणानं हात चुकला होता! कुपी भलत्याच औषधाची! टाकली ती. दुसरी काढली, मोठ्यानं वाचलं, "ॲड्रेनालिन!" निनाद म्हणाला, "बरोबर!" टोचली मांडीत. सगळं घर श्वास रोखून उभं... आणि थोड्या वेळानं बाबुरावांचा श्वास मोकळा झाला!

मृदंगवाले, वाजवा की! माणूस परत आलाय!

तालुक्याच्या दवाखान्यात दिवसभर ठेवून घेतलं, दुसऱ्या दिवशी सोडलं. पुन्हा ताटं सजली. आता हेमंत म्हणतो, "वाण आधी निनादरावांना, त्यांनी माझा हात धरला." निनाद म्हणतो, "छे! आधी डॉक्टरांना, मी तर पाणी पाजायला निघालो होतो!" काल 'आधी कोण' म्हणून भांडण, आज 'आधी तुम्ही' म्हणून भांडण! सासूबाई वैतागल्या, "अहो, अनारसे मऊ पडतील माझे!" एक ताट त्यांनी उचललं. आणि दुसरं? दुसरं बाबुरावांनी उचललं. दोघांपुढे एकदमच ठेवलं.

सवयीनं त्यांचं तोंड उघडलं, "जावईबापू, तुमच्या हातात..." आणि थांबले. डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाले, "तुमच्या दोघांच्या हातात मी होतो रे बाबांनो!" मृणाल दारातच हसत हसत रडली.

तर मंडळी, विमानात पगार जास्त की दवाखान्यात, ते सरकार बघेल. मी तुम्हाला विचारतो. तुमचं मनगट धरून "जरा मोठ्यानं वाच" म्हणणारं घरात कुणी आहे? बायको असेल, सून असेल. काल तिच्यावर खेकसलात ना? तिसऱ्या रांगेतले काका, खाली काय बघता!

घरी जा, आधी तिचं ऐका. आणि आता शेजारच्याचं मनगट धरा, हं, असं! धरलेले हात वर करा, आणि एकमुखानं त्या विटेवरच्या सावळ्याचं नाव घ्या. मोठ्यानं!