न उधळलेल्या अक्षता

तुळशीचं लग्न झाल्यावरचा शुक्रवार. दवाखान्यातल्या बायकांच्या वॉर्डात हजर कोण, तर मी म्हणजे नवरदेवाची आई, माझा भाऊ अशोक म्हणजे नवरीचा बाप, भावजय, शहागंजातनं आणलेले भटजी, वॉर्डाच्या सिस्टर आणि शेजारच्या खाटेवरच्या जुबेदाखाला. अन् ज्यांचं लग्न ती दोघं, माझा संदीप आणि शीतल.

माझं माहेर सोयगाव, दिलं करमाडला. गावात कुणाचंही लग्न असो, काय आणलं अन् काय राहिलं ते माझ्या तोंडपाठ असतं. शीतल अशोकची पोर, आत्या आत्या करत माझ्यामागं वाढलेली, तिलाच सून करायची म्हणून सुपारी फोडली, अन् मग तिचं दुखणं निघालं, रक्ताचा कॅन्सर. औषधं लई झाली. दिवाळीच्या आधी डॉक्टर म्हणाले, आता बरी होणार नाय, त्रास तेवढा कमी करू.

अशोक घरी आला, चहाला शिवला नाय. म्हणाला, आक्का, तुझं पोरगं मोकळं केलं मी, दुसरीकडं बघ. मला आतून सुटल्यासारखं झालं, आई आहे ना मी. संदीप म्हशीची धार काढत होता, तिथूनच म्हणाला, मामा, फोडलेली सुपारी चिकटवून द्या, मग बघतो दुसरीकडं.

मी शीतलला विचारलं, बाई, तुझं काय? ती म्हणाली, आत्या, तो ऐकत नाय, अन् त्यानं ऐकूच नये असं मला वाटतंय. तुमच्या उंबऱ्यावरचं माप एकदा पायानं लवंडून आत यायचंय मला, सून म्हणून, बस.

सिस्टर म्हणाल्या, फुलं नको, अक्षता अंगावर टाकायच्या नाहीत, तिला धूळसुद्धा बाधेल. तरी मी सगळ्यांच्या हातात अक्षता दिल्या, लग्न आहे शेवटी. शीतलच्या डोक्यावर केस नाहीत, मुंडावळ्या घसरायल्या. संदीप म्हणाला, मान हलवू नको म्हशीसारखी. ती म्हणाली, मग म्हशीशीच करायचं होतं की लग्न. खाला हसता हसता खोकल्या. अन् भटजी सावधान म्हणाले, तर काय सांगू तुम्हाला, सगळ्यांचे हात वर गेले आणि वरच राहिले, मुठी मिटलेल्या. पलीकडच्या खाटांवरच्या बायासुद्धा उठून बसल्या, पंख्याचा आवाज तेवढा. इतकी लग्नं पाहिली मी, अशी शांतता देवळातसुद्धा पाहिली नाय.

मग खालांनी त्यांची मूठ माझ्या पदरात सोडली, म्हणाल्या, लेके जाओ बाजी, बहू घर कू आयेगी तो काम आते. मग एकेकानं सोडली.

त्या अक्षता मी घरी मापात भरल्या, माप उंबऱ्यावर ठेवलंय. येणारंजाणारं बाजूनं जातं, कोंबड्या मी हाकलते. तिची गादी उन्हात घातली, खोली सारवली, गाडी सांगून ठेवली. डॉक्टर म्हणतात, ताप उतरला की न्या. काल उतरला होता, आज थोडा आहे. संदीप तिथंच बसलाय तिच्या उशाशी. बाकी सगळं झालंय बघा. माप तेवढं ओलांडायचं राहिलंय.