बांधावरचा पाइप

...आवं त्यो काळा न्हवं पावणं, त्यो ठिबकचा — पांढरा बगा, बांधाच्या कडंला, तीन इंची, त्यो आमचा. हिकडं लिंबाखाली सरका, समदं नजरंत येतंय. पोहं घ्या की. आता पाइप म्हटलं की कसला म्हनून इचारावं लागतंय बगा — मोरीतला पाइप, ग्यासचा पाइप, फवाऱ्याचा पाइप, आन मिरजंला दवाखान्यात मेव्हण्याच्या नाकात नळी घातली हुती, तर आमची मालकीण त्यालाबी पाइपच म्हणती. मी पलटणीत काय करत हुतो ठावं हाय? बँडात पाइप वाजवायचो — काखंत पिशवी, तोंडात फुकणी, गाल ह्ये असं फुगायचं. आन गावाला वाटायचं, जोतीराम मिल्ट्रीत नळ दुरुस्त करतोय! आजूनबी नळ गळाला की बोलवत्यात. जातो की मीबी. काय करायचं!

पर खरा पाइप म्हंजे ह्यो. आदी सोयरीक जुळवताना घराणं बघायची, रान किती ते बघायची. आता पोरीचा बाप गाडीतनं उतरला की चप्पल काढायच्या आदी इचारतोय — पाइपलाइन हाय का? तुमीबी इचारलंतच की. न्हाई, इचारावंच! आपली लेक काय हंडं वाहायला देयाची? म्हनून तर गेल्या दिवाळीत टाकला ह्यो, आमच्या धैर्यशीलसाठी. पस्तिशीला टेकलं पोरगं. सुपारीच्या खांडाचंबी व्यसन न्हाई, गोठा एकटा सांभाळतंय — पर येणारं येत्यात, च्या पित्यात, फोन करतो म्हणत्यात आन जात्यात. तुमच्या स्वप्नालीचा फोटू बघितला आन पयल्यांदा आपल्या मनानं नवा शर्ट घेऊन आलं बगा. काल दोघं फोनवर बोलली म्हणं. हसत हुतं वो. घरात हसल्याचा आवाज लय दिसानं आयकला.

व्हय, तलावातनंच पाणी. येतंय म्हंजे — येणार. आता सोडून दावू म्हणता? आवं लाइट कुठं हाय — घरातला फॅन फिरतोय म्हणता? फॅन काय सिंगल फेजवर फिरतोय, मोटरीला थ्री फेज लागती, तुमाला काय सांगायचं! ती? ती साळुंकी. येत्यात पाखरं गारव्याला. चोचीत काडी? व्हय की, काडीच हाय. शिरली. पाइपातच शिरली...

आता काय लपवायचं तुमच्यापासनं. मदी आप्पासोचं रान हाय, माझ्या धाकट्या भावाचं. बांध फोडू देत न्हाई त्यो. तवा पाइप आमच्या हद्दीपातूर हाय, फुडं नुसती माती. बापल्योकानं चर खणला आन पुरला, तोंड तेवढं वर ठेवलं — येणाऱ्या जाणाऱ्याला दिसंल असं. धैर्यशील म्हणत हुता, आण्णा नगं, उघडं पडंल. म्या म्हटलं गप, एकदा लगीन झालं की आप्पासोचं पाय धरीन. धरीनबी! सांजचं म्हशीसंगं बोलत बसतंय वो पोरगं, मला आयकवत न्हाई. त्याच्या डोक्याव अक्षता पडाव्यात एवढंच मागणं हाय माजं, दुसरं काय न्हाई. आता तुमी उठून गेलासा तरी माजं तोंड न्हाई काय म्हणायला —

हसताय काय पावणं? काय म्हणता? तुमच्यातबी? थोरल्याच्या टायमाला? आसाच, नुसता पुरलेला? आन सूनबाई आली? नांदती? आन पाणी — आजून न्हाई? म्हंजे तुमाला राग न्हाई... उलट बरं वाटलं म्हणता. सुपारी आजच फोडू म्हणता.

ती बशी ठेवा खाली. न्हाई, ठेवा ठेवा. दुसऱ्याची लेक नुसता पाइप दावून घरात आणली तुमी? आन वर हसत सांगताय? पलटणीत ध्वजाला सलामी दिलेला मानूस हाय मी! असल्या फसव्या घरातली पोरगी आमी करायची? गावात तोंड दावायला जागा ऱ्हाईल काय आमाला? धैर्यशील! पावण्यांची गाडी वळवून दे. माझ्याकडं काय बघतोस असा? वळव म्हणतो न्हवं रं. वळव गाडी.